'ती थंडी' वहीत कशी पकडायची आणि बर्फाची आशा कधी धरायची

पारा उतरायला लागला की मला फोन येतात. 'यंदा त्या वर्षीसारखी थंडी पडणार का गं?' आणि लगेच पुढचं, 'मग बर्फ पडेल ना?' मी हवामानाची वही ठेवते, एवढ्यावरून हे काम माझ्या गळ्यात पडलंय. सगळ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगते: हे दोन प्रश्न वेगळे आहेत. विक्रमी थंडीला निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि कोरडी हवा लागते. बर्फाला ढग लागतात, ओल लागते आणि पारा शून्याच्या जवळपास असला तरी पुरतो. म्हणून थंडीची आठवण तपासायची पद्धत निराळी आणि बर्फाची वाट बघायची निराळी.

आधी 'ती' थंडी कोणती ते ठरवा

आठवणीत वर्ष नसतं, प्रसंग असतो. मावशी म्हणते, धाकटा झाला त्या वर्षीची थंडी. काका म्हणतात, नळाचा पाइप फुटला त्या वर्षीची. दोघं एकाच थंडीबद्दल बोलताहेत असं सगळ्या घरानं गृहीत धरलेलं असतं. म्हणून चारचौघांत विषय काढण्याआधी प्रत्येकाला एकेकटं गाठा आणि तो सांगेल ते तसंच लिहून घ्या. एकदा चर्चा सुरू झाली की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते.

मग खुंट्या शोधा: जन्मतारीख, परीक्षेचा महिना, घर बदललं ते साल, पाइप दुरुस्तीची पावती, फोटोच्या मागे लिहिलेली तारीख. दोन-तीन खुंट्या जुळल्या की हवामान खात्याच्या जुन्या नोंदींत तो महिना काढा आणि रोजचं किमान तापमान बघा. त्या आठवड्याचं वर्तमानपत्र मिळालं तर उत्तमच, पण मथळ्यावर जाऊ नका. मथळ्यात दर दोन वर्षांनी 'हाडं गोठवणारी' थंडी पडते.

नोंदी बघताना स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्याला थंडी आठवतेय की बर्फ? ब्रिटनच्या दोन हिवाळ्यांवरून हे छान कळतं. 1947 साली 22 जानेवारीपासून 17 मार्चपर्यंत त्या देशात रोज कुठे ना कुठे बर्फ पडत होता. 1962-63 चा हिवाळा त्याहून थंड होता. मध्य इंग्लंडच्या तापमानाची मालिका 1659 पासूनची आहे, आणि तिच्यात जानेवारी 1963 ची सरासरी उणे 2.1 अंश आहे. पूर्ण हिवाळा धरला तर 1740 नंतर इतकी थंडी तिथे पडलेली नव्हती. म्हणजे जास्त थंड होता तो 63 चा, आणि बर्फानं जास्त छळलं ते 47 नं. दोन्ही पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली, तर त्याला दोष देता येणार नाही.

विक्रम म्हणजे कसला विक्रम?

'विक्रमी' हा शब्द ऐकला की लगेच विचारा, कसला? त्या तारखेचा, त्या महिन्याचा, की नोंदी सुरू झाल्यापासूनचा? 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 31 अंशांच्या आसपास गेला. त्या तारखेचा तो विक्रम होता. शहराचा सर्वकालीन नीचांक मात्र 20 जानेवारी 1985 चा, जवळजवळ उणे 33. तो तसाच राहिला. पण बातम्यांत फिरत होता उणे 47 चा आकडा. तो वाऱ्यामुळे 'जाणवणाऱ्या' थंडीचा होता, थर्मामीटरचा नव्हे.

या जाणवणाऱ्या थंडीची कल्पना अंटार्क्टिकातून आली. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी पाणी गोठायला किती वेळ लागतो ते वेगवेगळ्या वाऱ्यात मोजलं होतं. आज वापरतात ते सूत्र 2001 साली सुधारलेलं आहे. उघड्या कातडीला किती लवकर इजा होईल ते त्यावरून कळतं, म्हणून बाहेर पडताना हा आकडा जरूर बघा. वहीत मात्र त्याला वेगळा रकाना द्या. तापमानाच्या रकान्यात तो घुसला की पुढच्या पिढीची मावशी-काकांसारखीच भांडणं लागणार.

आणि विक्रम लगेच जाहीर होतो असंही नाही. उत्तर गोलार्धातला आजचा अधिकृत नीचांक उणे 69.6 अंशांचा आहे. ग्रीनलंडमधल्या क्लिंक नावाच्या स्वयंचलित केंद्रानं तो 22 डिसेंबर 1991 ला नोंदवला, आणि जागतिक हवामान संघटनेनं मान्य केला 2020 मध्ये. इतकी वर्षं तो आकडा नोंदींत पडून होता. तोवर सैबेरियातली वर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन ही दोन गावं मान मिरवत होती.

आपला थर्मामीटर

इथे थोडं रेंगाळते, कारण बहुतेक वह्या इथेच बिघडतात. मोबाइलवर दिसतं ते तुमच्या दारातलं तापमान नसतं. ते जवळच्या केंद्राचं असतं किंवा गणितानं काढलेलं असतं. गाडीचा आकडा तर सोडूनच द्या, त्याला इंजिनाची आणि रस्त्याची ऊब लागते.

साधा किमान-कमाल थर्मामीटर आणा. तो सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर आणि भिंतीला न चिकटवता टांगा. भिंत दिवसभराची ऊब रात्री सोडत राहते. वेधशाळेत झापांची पांढरी लाकडी पेटी असते, तिच्या आत वारा खेळतो पण ऊन शिरत नाही. थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्यानं ती एकोणिसाव्या शतकात बनवली. तशी पेटी घरी जमली नाही तरी तिचं तत्त्व पाळा. उंचीच्या बाबतीत हयगय नको. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा डोक्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा सहज तीन-चार अंशांनी थंड असते. पेटीत पारा दोन अंशांवर असताना गवतावर पांढरं दहिवर दिसतं ते यामुळेच, आणि तेवढ्यावरून 'पारा शून्याखाली गेला' असं लिहायचं नसतं.

वाचन रोज एकाच वेळी घ्या. मी सकाळी घेते. डोळा नळीतल्या द्रवाच्या टोकाच्या रेषेत आणायचा, आधी दशांश वाचायचा, मग पूर्णांक. उलट केलंत तर तोवर तुमच्या श्वासानं आकडा हललेला असतो. फार थंड प्रदेशात असाल तर पाऱ्याच्या नळीचा उपयोग नाही, उणे 38.8 अंशांना पारा स्वतःच गोठतो. तिथे अल्कोहोलचा थर्मामीटर लागतो.

त्याचीही कधी हद्द होते. 3 फेब्रुवारी 1947 ला कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, स्नॅग इथल्या विमानतळावर, नळीतलं अल्कोहोल सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली उतरलं. तिथल्या निरीक्षकांनी अंदाजानं आकडा ठोकून दिला नाही. टोक नेमकं कुठे आहे तिथे खूण केली आणि थर्मामीटर तपासणीला पाठवला. तपासणीनंतर आकडा ठरला उणे 63. ग्रीनलंड सोडलं तर उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो आजही नीचांक आहे. वही ठेवणाऱ्यांमध्ये माझे आदर्श कोण, तर ते लोक.

आता बर्फ

थंड हवेत वाफ मावत नाही. उणे 20 अंशांच्या हवेत मावते ती शून्य अंशाच्या हवेत मावणाऱ्या वाफेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर व्होस्टोक केंद्र आहे, 21 जुलै 1983 ला तिथे उणे 89.2 अंश नोंदले गेले. पृथ्वीच्या पृष्ठभागावर केंद्रात मोजलेला तो सगळ्यात नीचांकी आकडा. त्या पठारावर वर्षभर पडणारा बर्फ वितळवला तर पाच सेंटिमीटरही पाणी होत नाही. वाळवंटच ते! तेव्हा चांदण्यांनी गच्च भरलेलं आकाश बघून 'आज बर्फ पडणार' म्हणणाऱ्याला खुशाल झोपायला पाठवा. चंद्राभोवती खळं पडलंय, वरचे पातळ ढग दाट होत चाललेत, पारा आणखी उतरायचा थांबलाय, अशी रात्र जास्त आशेची.

पारा शून्याच्या वर दिसला म्हणूनही निराश होऊ नका. तापमानाच्या शेजारी दवबिंदू बघा, म्हणजे हवा जितकी गार झाली की तिच्यातली वाफ दव होऊन सुटायला लागते तो आकडा. समजा बाहेर 3 अंश आहेत आणि दवबिंदू उणे 6. हवा कोरडी आहे. वरून पडणारं पाणी या हवेत उडून जाताना तिचीच उष्णता घेतं, आणि तापमान शून्याच्या किंचित खालपर्यंत उतरू शकतं. यालाच ओल्या फडक्याचं तापमान म्हणतात: थर्मामीटरच्या फुग्याला भिजलेलं सुती फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो तो. म्हणून कधी कधी पाऊस सुरू होतो आणि तासाभरात त्याचा बर्फ होतो. उलट 2 अंश आणि दवबिंदूही 2 असेल, तर हवा आधीच ओलीचिंब आहे. तिला अशा रीतीनं आणखी थंड व्हायला वाव नाही. पाऊसच पडणार, आणि तोही अंगाला झोंबणारा.

जमिनीवरचा आकडा ही अर्धीच गोष्ट. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान बघा. हवामानाच्या नकाशांत ते 850 हेक्टोपास्कल या नावाखाली मिळतं. सखल भागात बर्फासाठी तिथे उणे 5 किंवा त्याहून खाली असावं, असा आडाखा आहे. मधल्या थरात उबदार हवेची पट्टी घुसली तर बर्फ वाटेत वितळतो, जमिनीजवळ पुन्हा गार होतो, आणि टेकेल तिथे काचेसारखा गोठतो. जानेवारी 1998 मध्ये माँट्रियलच्या परिसरात कित्येक दिवस असा पाऊस झाला आणि विजेचे पोलादी मनोरे बर्फाच्या भारानं दुमडले. असा अंदाज दिसला तर बर्फाचं कौतुक बाजूला ठेवा आणि घरातच बसा.

अंदाज किती दिवस आधीचा मानायचा? दहा दिवसांनंतरचा बर्फ दाखवणारं चित्र कुणी पाठवलं, तर मी ते उघडतही नाही. पाच दिवसांवर आलं की बघते. तेव्हाही एकच नकाशा बघत नाही. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचं संगणकी मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून पन्नास वेळा चालवतात, त्या पन्नासांपैकी किती जणांना बर्फ दिसतोय ते बघते. तीन दिवसांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. किती सेंटिमीटर पडेल हे मात्र आदल्या दिवशीच विचारा.

लांबची आशा हवीच असेल तर एक खूण आहे. ध्रुवाच्या वर, तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा कधी कधी काही दिवसांत कित्येक अंशांनी तापते आणि ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांचा भोवरा फुटतो. हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांनी 1952 साली बर्लिनमध्ये हे पहिल्यांदा टिपलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ध्रुवाकडची थंडी खाली सांडू शकते. फेब्रुवारी 2018 च्या मध्याला भोवरा फुटला आणि महिनाअखेरीस युरोप गारठला, बर्फही भरपूर पडला. पण ती थंडी कुठे सांडेल ते आधी कळत नाही, आणि कधी कधी ती सांडतही नाही. बातमी वाचली की तारीख वहीत टाका आणि नेहमीच्या कामाला लागा.

पडलाच तर

पहिला कण रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात दिसतो, अंधारात डोळे फाडून उपयोग नाही. वेळ लिहा. दोन वीत लांब-रुंद पांढरी फळी आधीच उघड्यावर, भिंती-झाडांपासून दूर ठेवलेली असू द्या. गवतावर मोजलं तर पात्यांमधली पोकळीही बर्फात धरली जाते. पट्टी उभी खुपसा, तीन-चार ठिकाणी मोजा आणि सरासरी लिहा. फळी साफ करायची ती सहा तासांतून एकदाच. दर तासाला झाडून बेरीज केलीत तर आकडा फुगतो, कारण पडलेला बर्फ आपल्याच वजनानं दबत असतो.

जमलं तर सरळ उभ्या कडांच्या डब्यात तेवढाच बर्फ घेऊन वितळवा. साधारण दहा सेंटिमीटर बर्फाचं एक सेंटिमीटर पाणी होतं असं धरतात, पण ओला बर्फ पाच सेंटिमीटरलाच तेवढं पाणी देतो आणि भुसभुशीत कोरडा वीस घेतो. ढगात उणे 12 ते उणे 18 अंशांचा थर जाड असेल तर सहा फांद्यांचे मोठे कण तयार होतात आणि ढीग लवकर चढतो. गडद लोकरी बाहीवर एखादा कण झेला आणि श्वास रोखून भिंगातून बघा. श्वास सोडलात की फांद्यांची टोकं आधी गोल होतात आणि पुढच्या क्षणी तिथे नुसता थेंब असतो.

नुसते चार कण भिरभिरले आणि फळीवर काहीच साचलं नाही, तर शून्य लिहू नका. त्यासाठी 'नाममात्र' अशी वेगळी नोंद असते. 19 जानेवारी 1977 ला मायामीत लोकांनी आकाशातून भुरभुरणारा बर्फ बघितला, त्या दिवसाच्या नावावर एवढीच नोंद आहे.