‘दोघांची नावं आहेत ना, मग झालं!’: सामाईक फ्लॅट घेताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी कधी सेक्रेटरी, कधी नुसताच कमिटी मेंबर, असा बरीच वर्षं चिकटून आहे. त्यामुळे गळती, पार्किंग आणि कबुतरांच्या जोडीला लोकांच्या घरातले कागदही माझ्या टेबलावर येतात. मी वकील नाही. पण त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्यात की कुणी नव्या फ्लॅटचे पेढे घेऊन आलं की माझ्या तोंडातून आधी निघतं, “करारनाम्यात टक्के लिहिलेत का?” बायको म्हणते, अहो, आधी पेढा तर घ्या.

सगळ्यात लाडकी चूक ही: दोघांची नावं आहेत, एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं. बँकेच्या जॉइंट खात्याचं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ डोक्यात बसलेलं असतं. फ्लॅटचं तसं नसतं. ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा, आणि माणूस गेला की तो हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं होतं, फ्लॅट निम्मा-निम्मा. नवरा अचानक गेला. मृत्युपत्र नव्हतं. दीड वर्षाने वहिनींनी फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक मिळालं, टोकन घेतलं, ठाण्याला छोटा फ्लॅट बघून तिथेही पैसे गुंतवले. एनओसी मागायला आल्या तेव्हा मी विचारलं, “वहिनी, सासूबाई गावीच असतात ना?”

“हो, देवगडला. त्यांचं काय?”

सगळं अडलं होतं ते त्यांच्यापाशीच. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको-मुलांबरोबर आईही येते, तीही सारख्या वाट्याने. वडील येत नाहीत, आई येते. म्हणजे नवऱ्याच्या निम्म्या हिश्शाचे तीन वाटे: वहिनी, मुलगी, सासूबाई. अख्ख्या फ्लॅटचा एक षष्ठांश देवगडच्या म्हातारीचा, आणि तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नाही.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या गावी जा आणि रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून घ्या. सासूबाई आनंदाने तयार होत्या. पण मध्ये एजंट आला. “कशाला धावपळ? स्टॅम्पपेपरवर ना-हरकत लिहून घ्या, नोटरी मारून देतो.” तसंच केलं. गिऱ्हाईकाच्या बँकेच्या वकिलाने तो कागद एका मिनिटात बाजूला सारला. स्थावरातला हक्क नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही, दस्त नोंदवावा लागतो. पुन्हा गावी जायचं ठरेपर्यंत पाऊस लागला आणि श्रावणात सासूबाई गेल्या. आता त्यांच्या वाट्याला वारस तीन: दीर, नणंद, आणि गेलेल्या मुलाच्या जागी नात. जिथे एक सही पुरली असती तिथे दोन माणसांच्या मागे फिरायची वेळ आली. नणंद मस्कतला, तिचं मुखत्यारपत्र वकिलातीतून यायचं. दिरांनी “बघू” म्हणत पाच महिने काढले. गिऱ्हाईक गेलं, ठाण्याचा फ्लॅटही गेला. नोटरीचे पैसे मात्र एजंटने त्याच दिवशी घेतले होते.

त्या दिवाळीत मी आणि बायकोने दोघांची मृत्युपत्रं केली. दोन साक्षीदार लागतात, आणि ते असे हवेत ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. नोंदणीची सक्ती नाही, तरी मी केली. साक्षीदार स्वतःपेक्षा तरुण घ्या. आमच्या कट्ट्यावरचे सगळे साठीच्या पुढचे, म्हणून मी भाच्याच्या दोन मित्रांना पकडून नेलं.

नॉमिनी म्हणजे मालक, ही दुसरी अफवा. सोसायटी नॉमिनीच्या नावावर नोंद करते, पण म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 साली हेच सांगितलं, आणि 2019 च्या सहकार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत फक्त तात्पुरता सभासद करतात. फॉर्म जरूर भरा, पण त्यालाच मृत्युपत्र समजू नका.

सहयोगी सभासदाचंही तेच. ‘आईला सोसायटीत असोसिएट करून घेतलंय’ म्हणजे आई मीटिंगला येऊ शकते. घरात तिचा हिस्सा होत नाही.

आता लग्न न करता एकत्र घर घेणाऱ्यांबद्दल. त्यांनी कसं राहावं यावर मला काही म्हणायचं नाही, कागदावर म्हणायचं आहे. आमच्याकडे एक मुलगी साडेतीन वर्षं निम्मा हप्ता भरत होती. फ्लॅट आणि कर्ज मुलाच्या एकट्याच्या नावावर, कारण ‘तुझं नाव लग्नानंतर घालू’. ती दर महिन्याच्या पाच तारखेला त्याला यूपीआयने पैसे पाठवायची आणि शेऱ्यात लिहायची ‘रेंट’. पुढे घराचं छोटं चित्र. दोघांचं बिनसलं तेव्हा तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. बेचाळीस नोंदी, आणि प्रत्येकीत ती स्वतःच्या हाताने लिहून देत होती की मी भाडेकरू आहे.

पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, असे व्यवहार रोखणाऱ्या बेनामी कायद्यात नवरा-बायको आणि मुलांच्या नावावर घेतलेल्या घराला सूट आहे, स्वतःचंही नाव सोबत असेल तर भावाबहिणीलाही. लग्न न केलेल्या जोडीदाराला किंवा मित्राला नाही. जोडीदार वारसही ठरत नाही. म्हणून नाव पहिल्या दिवशी करारनाम्यातच घालायचं आणि शेजारी टक्का लिहायचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 प्रमाणे टक्का लिहिला नसेल तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि ते सिद्ध करता आलं नाही तर सारखा. सिद्ध करत बसण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं. डाउन पेमेंट ज्याचं त्याने स्वतःच्या खात्यातून करावं. ‘मी हप्ता, तू किराणा’ हा हिशोब प्रेमात छान वाटतो, पण किराण्याची बिलं कुणी ठेवत नाही.

‘नाव नंतर घालू’ म्हणणाऱ्यांना आणखी एक. ते अर्ज करून होत नाही, बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, आणि कर्ज असेल तर आधी बँकेची परवानगी. राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडांना दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा. भावाला ही सवलत नाही.

बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. शेजारी नवऱ्याचं नाव आलं की मिळत नाही.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं नाव हौसेने घालू नका. विकताना कोर्टाची परवानगी काढत बसाल.

कर्जावर सही करायची पण करारनाम्यात नाव नाही, असं भावासाठीसुद्धा करू नका. त्याने हप्ते थकवले तर बँक पूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येते.

आणि निबंधक कार्यालयात अंगठा लावायच्या आधी प्रिंट मागून वाचा. मागची लाइन वैतागेल, एजंट घड्याळ बघेल, बघू दे. आमच्या वेळी मी चष्मा घरी विसरलो होतो, म्हणून बायकोने वाचलं. माझ्या नावापुढे वडिलांच्या जागी माझ्या सासऱ्यांचं नाव छापलं होतं.