थंडीत तळ्यावर गळ टाकताना

हिवाळ्यात तळ्यावर मासा लागत नाही म्हणणारे बहुतेक जण उन्हाळ्यातल्याच जागी, उन्हाळ्यातल्याच घाईने गळ टाकतात. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक आटते, आणि हातभर अंतरावरच्या आमिषासाठीही तो जागचा हलेलच असं नाही. म्हणून थंडीत मी आधी पाणी बघतो, गळ नंतर.

दोरीला शिसं बांधून खोली मोजा. उथळ तळ जिथे एकदम खाली उतरतो, ती कड शोधायची. मग खालच्या पाण्याची ऊब बघा. नुसता थर्मामीटर सोडला तर वर ओढेपर्यंत आकडा बदलतो. मी वजन बांधलेली बाटली सोडतो, खाली गेल्यावर दुसऱ्या दोरीने तिचं बूच ओढतो आणि भरलेली बाटली वर काढून लगेच मोजतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे बर्फ धरलेल्या तळ्यात वर शून्याजवळचं पाणी आणि तळाशी त्याहून ऊबदार, असा उलटा प्रकार असतो, म्हणून मासा खाली शोधायचा. न गोठणाऱ्या तळ्यात मात्र वारा पाणी ढवळून बरेचदा सगळीकडे सारखंच करून टाकतो. तिथे खोलीचा हट्ट धरू नका. सलग ऊन पडलं असेल तर आडोशाचा, काळ्या चिखलाचा उथळ कोपरा दुपारी जरासा तापतो आणि कार्प तिकडे सरकतात.

पहाटे जाऊन कुडकुडण्यात काही मर्दुमकी नाही. दुपार ते सूर्यास्त, एवढं पुरे. पाइक आणि ट्राउट हे मासे मात्र थंडीतही बऱ्यापैकी खातात, त्यांच्यासाठी सकाळ वाया जात नाही.

गळ लहान, दोर बारीक, आमिष नखाएवढं: गांडुळाचा तुकडा किंवा एक-दोन अळ्या. चारा मूठमूठ फेकू नका. पोट भरलेला मासा दिवसभर तोंड उघडत नाही. बोयाला, म्हणजे दोरावरच्या तरंगत्या खुणेला, शिशाचे मणी इतके लावा की फक्त टोक पाण्याबाहेर राहील. हिवाळ्यातला मासा बोया बुडवत नाही. बोया जेमतेम आडवा सरकतो, कधी उलट वर उचलला जातो. तेवढ्यावर हलका झटका द्या. नकली आमिष वापरत असाल तर रील (दोर गुंडाळायची चकती) तुम्हाला कंटाळा येईल इतकी सावकाश फिरवा, मध्येमध्ये थांबा.

मासा सोडायचा असेल तर पाण्यातच गळ काढा. कडाक्याच्या हवेत ओले कल्ले गोठून इजा होते.

बर्फावरून गळ टाकणार असाल, तर पायी चालायला स्वच्छ, घट्ट बर्फ किमान १० सेंमी जाड हवा. पांढरट बर्फ कमकुवत, तो दुप्पट लागतो. काठाशी मोजलेली जाडी मध्ये असेलच असं नाही, तेव्हा पुढे जाताना भोकं पाडून मोजत राहा. झरा किंवा ओढा मिळतो त्या बाजूला फिरकूच नका, आणि एकटे जाऊ नका.