फिलिपिनो घरचं जेवण नागपूरच्या किचनमध्ये कसं जमवायचं

पहिले एक गोष्ट समजून घ्या राजेहो, फिलिपिन्समधे घरच्या जेवणात भात मेन असते, सकाळी नाश्त्यालाही भातच, आणि भातासोबत जे काही मटन, मासे, भाजी असते त्याला ते उलाम म्हणतात. हळद क्वचितच, धनेपूड नाही, गरम मसाला तर जवळपास नाहीच. सगळा खेळ आंबट आणि खारट चवीचा आहे, न लसूण मात्र भरपूर.

सुरुवात सिनान्गागपासून करा, म्हणजे लसणाचा भात. रात्रीचा उरलेला भात आपण फोडणी देऊन खातोच, इथं फक्त लसूण, तेल न मीठ. भात फ्रीजमधला गारच पाहिजे, ताजा घेतला तर चिकट लगदा होते. हात थोडा ओला करून गोळे आधीच मोडून ठेवा. आठ-दहा पाकळ्या बारीक चिरून, तेल गरम व्हायच्या आधीच टाका, गॅस एकदम मंद, आणि तिथून हलू नका, काहून का पांढऱ्याचा बदामी रंग व्हायला वेळ लागते पण बदामीचा काळा व्हायला पाच सेकंदही लागत नाहीत, आणि काळा झाला की अख्खा भात कडू. बदामी झाला की अर्धा लसूण काढून ठेवा, तो वरून टाकायचा. सोबत तळलेलं अंडं. अंड्याला ते इत्लोग म्हणतात, म्हणून सिनान्गागचा ‘सि’ आणि इत्लोगचा ‘लोग’ मिळून या जोडीचं नाव सिलोग.

आता अडोबो, म्हणजे सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेला पदार्थ. अर्धा किलो चिकन, 4 मोठे चमचे सोया सॉस, 3 चमचे व्हिनेगर (आपलं पांढरं व्हिनेगर तिखट असते म्हणून कमीच), अर्धा कप पाणी, 8-10 लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर अख्खे मिरे, 2 तेजपानं. सगळं एकदमच स्टीलच्या गंजात (पातेल्यात) टाकून उकळी आणा, ॲल्युमिनियम नको, आंबटाने चव बिघडते. उकळी आली की दहा मिनिटं झाकण नाही आणि चमचाही नाही, व्हिनेगरचा तो नाकात जाणारा वास उडू द्यायचा असते, तिकडच्या घरात हे पक्कं सांगतात. मी पहिल्यांदा सारखं ढवळत राहिली आणि रस्सा शेवटपर्यंत कच्चाच लागला. मग झाकून अर्धा तास मंद आचेवर. मीठ शेवटी चाखूनच, सोया सॉस आधीच खारट असते. दुसऱ्या दिवशी तर अजूनच मस्त लागते.

व्हेजवाल्यांनी निराश होऊ नका, आपल्या बरबटीच्या शेंगा आहेत ना! तिकडं लांब शेंगांचा अडोबो घरोघरी होते, सिताव म्हणतात त्या शेंगेला, आणि ती बरबटीच्याच जातीची. कॉटन मार्केटमधून कोवळ्या आणा, बोटभर तुकडे, बाकी सगळं तेच, दहा-बारा मिनिटांत तयार.

तळलेल्या कशासोबतही कालामान्सी नावाच्या छोट्या लिंबाचा रस आणि सोया सॉस घेतात, त्यात बुडवून खातात. ते लिंबू इथं मिळत नाही पण ते मँडरिन जातीच्या संत्र्याच्या आणि कुमक्वाट नावाच्या छोट्या आंबट फळाच्या संकरातलं, आणि आपलं नागपुरी संत्रं पण मँडरिनच! म्हणून दोन भाग लिंबाचा रस आणि एक भाग संत्र्याचा, त्यात सोया सॉस न एक हिरवी मिरची. खूप जवळ जाते ती चव, मनापासून सांगते.

दुपारच्या खाण्याला तिकडं मेरियेन्दा म्हणतात, आपला चारचा चहा समजा. त्यात तुरोन करा, म्हणजे केळ्याचा तळलेला गोड रोल. पिकलेलं पण टणक केळं उभं चिरा, ब्राउन शुगरमध्ये घोळवा, उन्हाळ्यात फणसाचा गरा मिळाला तर एक पट्टी नक्की ठेवा, सुगंध त्याचाच असते. स्प्रिंग रोलच्या पट्टीत गुंडाळून तळा, नाही मिळाली तर समोशाच्या दोन पट्ट्या जोडून घ्या. अर्धवट तळलं की तेलातच दोन चमचे साखर भुरभुरा, ती वितळून रोलवर चढते आणि काचेसारखी कडक होते. काढल्यावर कागदावर ठेवू नका, चिकटून बसते, तेल लावलेल्या ताटात एकमेकांना न लागता ठेवा आणि पोरांना दोन मिनिटं थांबवा, आतलं केळं भयंकर गरम असते.