हलकी क्रूझर की मोठी टूरर? कोल्हापुरात गाडी घेताना या चुका टाळा

पन्हाळ्यावर तीन दरवाजाकडं जाताना उतारावर मी माझी टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची उंच मोटारसायकल, लावली, ती तोंड खाली करून. झुणका-भाकरी खाऊन परत आलो, बायको मागं बसली आणि गाडी मागं ओढायला गेलो तर ती जागची हलेना. टाकी सकाळीच फुल्ल केलेली, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेल्या. उजवा पाय टेकायला गेलो तर तिथं जमीन चार बोटं खोल. वेग शून्य होता. तरी गाडी सावकाश, अगदी मानानं, उजव्या कुशीवर झोपली. कणसं भाजणाऱ्या मावशी पळत आल्या, “वैनी, लागलं न्हाई न्हवं?” मला कुणी काही विचारलं नाही.

खरी चूक त्या उतारावर झालीच नव्हती. ती दोन महिन्यांपूर्वी, ट्रायल घेताना झाली होती.

ट्रायल एकट्यानं आणि हायवेवर घेणं

शोरूममधून गाडी काढली की हात आपोआप हायवेकडं वळतो. उचगावपर्यंत जायचं, वळायचं, परत. एकटा माणूस, कोरडा रस्ता, टाकीत दोन लिटर पेट्रोल. असल्या रस्त्यावर मोठी टूरर लोण्यासारखी चालणारच. तिचा जन्मच त्यासाठी झालाय. जड गाडी चालताना जड नसते. वेग दहाच्या खाली आला की ती तिचं खरं वजन दाखवते.

म्हणून ट्रायल मागायची ती शहराच्या आतली. बिंदू चौकातून महाद्वार रोडकडं, शनिवारी संध्याकाळी. पापाच्या तिकटीला रिक्षा मध्येच थांबली की एका पायावर गाडी तोलून बघा. अरुंद बोळात एका दमात वळवून बघा. मागं बसणारं माणूस सोबत न्या, कारण निम्मा निर्णय त्याच्या कमरेचा असतो. आणि शेवटी इंजिन बंद करून, गाडीवर बसूनच, दहा पावलं मागं ढकलून बघा. हे शेवटचं काम कुणीच करत नाही. मीही केलं नव्हतं.

सेल्समन म्हणेल, एवढा वेळ नाही. मग दुसऱ्या दिवशी परत जा. दोन-चार लाखांची वस्तू आहे, भाजी नाही.

वजनाचा फक्त आकडा वाचणं

‘क्रूझर म्हणजे हलकी, टूरर म्हणजे जड’ हा समज डोक्यातून काढायला मला वेळ लागला. आकडेच बघा. अव्हेंजर २२० ही क्रूझर, म्हणजे पाय पुढं सोडून बसायची बुटकी गाडी. तिचं वजन १६३ किलो. मिटिऑर ३५० हीही क्रूझर, तिचं १९१. हिमालयन ४५० ही टूरर, तिचं १९६. म्हणजे ज्या शेवटच्या दोन गाड्यांवरून कट्ट्यावर भांडणं होतात, त्यांच्यात फरक फक्त पाच किलोचा. सुपर मिटिऑर ६५० तर क्रूझरच, पण वजन २४१ किलो.

मग हिमालयन जड का वाटते? सीटची उंची बघा. मिटिऑरची ७६५ मिलिमीटर, हिमालयनची ८२५. साठ मिलिमीटर म्हणजे तीन बोटं. माझी उंची पाच फूट सहा इंच. या तीन बोटांत माझी टाच जमिनीवरून उठते आणि पंजावर येते. त्यात हिमालयनची टाकी १७ लिटरची. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा किलो, आणि तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात. डोक्यावर घागर घेऊन चालणं आणि कमरेवर घेऊन चालणं यात जो फरक, तोच इथं आहे. उलट सुपर मिटिऑरची सीट ७४० मिलिमीटरवर, त्यामुळं २४१ किलो असूनही सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकतात. मात्र उतारावर मागं ओढायची वेळ आली की ते २४१ किलोच असतात.

आणखी एक. माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ लिहिलंय की ‘ड्राय वेट’, ते विचारा. दुसऱ्यात पेट्रोल धरलेलं नसतं. तुलना करायची तर दोन्ही गाड्यांचं एकच माप धरा.

क्रूझर म्हणजे आराम, असं धरून चालणं

इथं जरा थांबतो, कारण पन्हाळ्याच्या प्रकारानंतर मी उलट्या टोकाला गेलो आणि मित्राची क्रूझर घेऊन गगनबावड्याला निघालो. कळे गावापर्यंत स्वर्ग. पाय पुढं, हात सैल, रस्त्याकडेला ऊस. पुढं खड्डे लागले आणि पाठीचा एकेक मणका आपापलं नाव सांगायला लागला.

कारण सरळ आहे. क्रूझरवर पाय पुढं असतात, त्यामुळं शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. टूररवर पाय साधारण कमरेच्या खाली असतात. खड्डा दिसला की पायावर जोर देऊन जरा उठता येतं आणि धक्का गुडघे घेतात. क्रूझरवर तसं उठताच येत नाही. शिवाय सीट खाली आणायची तर मागच्या सस्पेन्शनला हलायला जागा कमी उरते. गुळगुळीत रस्त्यावर जी बैठक सिंहासन वाटते, तीच खड्ड्यात खुर्ची होते, आणि तीही लोखंडी.

घाटात आणखी एक गोष्ट. क्रूझर जमिनीलगत असते, त्यामुळं वळणात झुकवली की फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, रस्त्याला घासतो. करूळ घाटाच्या वळणांवर तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काहीतरी तुटलं असंच वाटलं. तुटलेलं काही नसतं. ‘याहून झुकवू नको’ असं गाडी सांगत असते. आणि पावसाळ्यात, धुक्यात, कडेला शेवाळ धरलेलं असताना तसंही झुकवायचं नसतंच. त्या बाबतीत क्रूझर तुम्हाला जबरदस्तीनं शहाणं ठेवते.

म्हणजे ज्याचं जाणं-येणं शहर, बेळगाव, फार तर पुणे, त्याला क्रूझर. ज्याला दर महिन्याला आंबा, फोंडा, आंबोली हे घाट उतरून कोकणात जायचंय, त्याला उंच गाडी, पण पाय टेकत असतील तरच. ही माझी वाटणी आहे. सहा फुटी मित्राला ती पटत नाही.

लडाखसाठी गाडी घेणं

“एकदा लडाख मारायचंय” म्हणून साडेसहाशे सीसी घेणारे मला माहीत आहेत. त्यांतले बहुतेक जण रंकाळ्यावर मारतात. नाद म्हणून घ्या, त्यात काही वाईट नाही. पण ‘लांबच्या प्रवासाला मोठं इंजिन लागतंच’ हे कारण देऊ नका. चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ८० आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, तिथं जुन्या रस्त्यानं खंडाळा उतरावा लागतो. सातारा-कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून तर पुण्याला जाताना किती वेळा सेवा रस्त्यावर उतरावं लागतं, ते मोजायचं मी सोडून दिलं. ८० च्या वेगाला साडेतीनशे सीसीचं इंजिन पुरतं.

मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग दोघं आणि सामान घेऊन घाट चढताना, आणि उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी ओलांडताना होतो. गळीत हंगामात रात्री असली ट्रॉली मागचा दिवा नसताना पुढं उगवते. तिच्या बाजूनं पटकन निघून जायला ताकद लागते, हे मान्य. पण तिच्यामागं सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून जाताना वजन कमी असलेलं बरं. दोन्ही एका गाडीत मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा, आधी सेस धरून ३१ होता, तो ४० झाला. त्यामुळं जुन्या किमती डोक्यात ठेवून तुलना करू नका.

चाकांकडं न बघणं

तारांची चाकं दिसायला रुबाबदार आणि खड्ड्यात दणकट. पण आत ट्यूब असेल तर पंक्चर म्हणजे चाक खोलणं. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबवालीच आली, ट्यूबलेस चाकं नंतर मिळायला लागली. पुढचं चाक २१ इंचाचं असेल तर त्या मापाची ट्यूब रस्त्याकडेच्या दुकानात मिळेलच असं नाही, स्वतःजवळ ठेवा. अलॉय आणि ट्यूबलेस असेल तर गाडी उभी असतानाच बाहेरून पट्टी घालून निघता येतं.

घेऊन बसला असाल तर

विकायच्या आधी या गोष्टी करून बघा.

रात्री समोरचे सारखे डिपर मारतात? दिव्याला दोष देऊ नका. दोघं बसल्यावर गाडी मागं बसते आणि दिवा वर जातो. मागच्या शॉकॲबसॉर्बरची रिंग गाडीसोबतच्या पान्यानं एक-दोन खाचा घट्ट करा. शॉकॲबसॉर्बर तळाला आपटून मागं बसणाऱ्याला धक्के बसत असतील तर तेही कमी होतील. बहुतेक गाड्यांची ती रिंग शोरूममधून आल्यापासून कुणी हलवलेली नसते. हवेचा दाब दोघांसाठी वेगळा असतो. तो गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

हँडल हलकं वाटतं, पुढचं चाक भिरभिरतं? पेट्यांमधलं जड सामान खाली आणि शक्य तेवढं पुढं आणा. मागच्या उंच पेटीत फक्त रेनकोट ठेवा.

घाटात क्लच जळाल्याचा वास येतो? अर्धा क्लच दाबून चढवताय. एक गिअर खाली घ्या.

गाडी पडलीच तर आधी इंजिन बंद करा. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उभी करताना ती पलीकडं जाते. गिअरमध्ये टाका. गाडीकडं पाठ करून, सीटच्या कडेला कंबर टेकवून, एक हात हँडलला आणि एक मागच्या दांडीला धरून पायांच्या जोरावर मागं रेटा. पाठ वाकवून उचललीत तर गाडी उभी राहील, तुम्ही राहणार नाही. आणि उतारावर लावताना तोंड चढाकडं ठेवा.

पाय टेकत नसतील तर सीटवाल्याकडून फोम कमी करून घेता येतो. एका वेळी बोटभरच काढायला सांगा आणि आठवडाभर चालवून बघा. जास्त काढला की खालचा पत्रा लागायला लागतो. कापलेला फोम तिथंच टाकून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा. माझा पंधरा दिवसांत परत चिकटवावा लागला.