थंडीत जुन्या डिझेल गाडीचे इंजिन ऑइल कसे निवडावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. गोव्याकडे भाजी नेणाऱ्या गाड्या नेमक्या त्याच अंधारात निघतात, आणि ज्यांची गाडी सेल्फ मारूनही उठत नाही त्यांना आजूबाजूचा प्रत्येक जण ऑइलबद्दल सल्ला देऊ लागतो. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या डिझेल गाड्या राखताना मी यातले बरेच सल्ले अमलात आणून पाहिले असून त्यांतील निम्मे सल्ले इंजिनाला घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वप्रथम गाडीच्या पुस्तिकेत कोणता ग्रेड दिला आहे ते पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर त्याच मॉडेलची गाडी राखणाऱ्या अनुभवी मेस्त्रींना विचारावे.

त्यानंतर डब्याच्या मागील बाजूस छापलेला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा वाचावा. डिझेल इंजिनाचा दर्जा सहसा ‘सी’ या अक्षराने सुरू होतो. जुन्या गाडीला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस पुरेसे आहे. सीके-४ घातल्यास बिघडत नाही, परंतु धुराच्या नळीत फिल्टर नसलेल्या गाडीला त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. एफए-४ हे पातळ ऑइल मात्र नव्या इंजिनांसाठी आहे, ते जुन्या गाडीत घालू नये. सुटे ऑइल कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता खरा अवघड भाग येतो, तो म्हणजे दाटपणा. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० अशा आकड्यांतील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. पहिला आकडा ऑइल थंड असताना कसे वागते ते सांगतो आणि दुसरा आकडा शंभर अंशांना तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. गुऱ्हाळावर काहिलीतून काढलेली काकवी पाण्यासारखी धार धरते, आणि तीच बरणीत रात्रभर राहिली की सकाळी चमच्यावरून लवकर सुटत नाही. ऑइलचेही तसेच आहे. १५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना घेतली जाते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. आपल्या थंडीत यांपैकी कोणतेही ऑइल गोठत नाही, त्यामुळे थंडीच्या भीतीने ५डब्ल्यूचे महागडे सिंथेटिक ऑइल आणण्याचे कारण नाही. त्या पैशांत ऑइल दोनदा बदलता येते, आणि जुन्या इंजिनाला त्याचाच अधिक उपयोग होतो.

माझी चूक याच्या उलट दिशेची होती. माझी जुनी जीप निळा धूर सोडत असे आणि हजार किलोमीटरला जवळजवळ एक लिटर ऑइल पीत असे. ‘जाड ऑइल घाला, धूर बसेल,’ असे एका मेस्त्रींनी सांगितल्यावर मी २०डब्ल्यू-५० भरले आणि वरून ऑइल घट्ट करणारे औषधही ओतले. दिवाळीपर्यंत धूर खरोखरच कमी दिसला. डिसेंबरातल्या एका पहाटे मात्र सेल्फ एकेक ठोका देत फिरला आणि थांबला. डिपस्टिक ओढून पाहिली तर टोकावरचे ऑइल थेंब होऊन पडण्याऐवजी तारेसारखे लोंबत होते. धक्का मारून गाडी चालू केली, तेव्हा ऑइलचा लाल दिवा विझायला बराच वेळ लागला आणि तोपर्यंत व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट कोरडे वाजत राहिले. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही.

यामागचे कारण समजून घ्यावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. दाट ऑइलमुळे सेल्फ सावकाश फिरला की दाबलेली हवा पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून निसटते, उरलेली उष्णता थंड सिलिंडर शोषून घेतो, आणि डिझेल न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर पडते. म्हणून माझे ठाम सांगणे आहे की हिवाळ्यात धूर झाकण्यासाठी ऑइल जाड करू नये. निळ्या धुराचा उपाय रिंगा आणि व्हॉल्व्ह सील हा आहे, तो डब्यात मिळत नाही.

दुसऱ्या आकड्यात मात्र ४० च्या खाली उतरू नये. पुस्तिकेने स्पष्ट सांगितले असेल तरच ३० घालावे, कारण भरलेली गाडी चोर्ल्याचा किंवा तवंदीचा घाट चढते तेव्हा झिजलेल्या बेअरिंगांना पातळ ऑइलचा थर पुरत नाही. इंजिन तापल्यावर आयडलिंगला लाल दिवा लुकलुकत असेल, तर ५० चा डबा आणण्यापूर्वी गेज लावून ऑइलचा दाब मोजून घ्यावा.

१५डब्ल्यू-४० भरूनही गाडी उठत नसेल तर ऑइलला दोष देण्यापूर्वी हीटर प्लग (चालू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग) आणि बॅटरी तपासावी. माझ्या जीपमध्ये ऑइल बदलल्यावर सेल्फ मोकळा फिरू लागला, तरी पहिल्या ठोक्याला इंजिन पेटेना. चारपैकी दोन हीटर प्लग जळलेले निघाले. थंडीत बॅटरीची ताकदही घटते, त्यामुळे तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून काढावी.

बदलताना इंजिन कोमट असावे आणि फिल्टर नवा असावा. नवे ऑइल काही दिवसांतच काळे पडले म्हणून घाबरू नये. काजळी पोटात घेणे हे डिझेलच्या ऑइलचे कामच आहे. भरल्यावर इंजिन चालू करून बंद करावे, दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि ऑइल वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालू केल्यावर लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो का ते पाहावे, आणि तो विझेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नये.