सोन्याची 411.8 केव्ही रेषा स्फटिकावर मोजण्याआधी

सोने-198 हे किरणोत्सारी सोने 411.8 केव्ही (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण सोडते; या ठरलेल्या ऊर्जेलाच रेषा म्हणतात, आणि स्फटिक ते किरण किती कोनात वळवतो यावरून ती मोजतात. त्याचा स्रोत हाती येतो तेव्हाच तो ओसरायला लागलेला असतो. अर्धायुष्य 2.695 दिवसांचे, म्हणजे तासाला एक टक्क्याहून थोडी जास्त घट. त्यामुळे गॅमा किरणांवाचून जे जे तपासता येते ते सगळे स्रोत येण्यापूर्वीच उरकलेले हवे.

सुरुवात कागदावर करा. 12.39842 या स्थिरांकाला (केव्ही गुणिले अँगस्ट्रॉम) 411.802 ने भागले की तरंगलांबी मिळते 0.030108 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). सिलिकॉन स्फटिकाच्या 220 नावाच्या प्रतलांमधले (अणूंच्या समांतर थरांमधले) अंतर 1.920156 अँगस्ट्रॉम, म्हणून ब्रॅगचा कोन, म्हणजे ज्या कोनात किरण या थरांवरून जोरात परावर्तित होतात तो, 0.4492 अंश, म्हणजे 1617 आर्क सेकंद (एका अंशात 3600). दोन सपाट स्फटिकांच्या मांडणीत दुसरा स्फटिक पहिल्याला समांतर असतानाच्या जागेपासून उलट बाजूच्या शिखरापर्यंत, म्हणजे किरणांच्या नोंदी सर्वांत जास्त होतात त्या जागेपर्यंत, फिरवायचा. हा फेरा ब्रॅग कोनाच्या दुप्पट, 3234 आर्क सेकंदांचा. दहा लाखांत एक भाग इतकी अचूकता हवी तर तो 0.003 आर्क सेकंदापर्यंत कळायला हवा. 25 सेंटिमीटरच्या भुजेच्या टोकाला ही हालचाल फक्त 4 नॅनोमीटर भरते. हा आकडा मेजासमोर लिहून ठेवा, पुढची सगळी काळजी त्याच्यापायी आहे.

वक्र स्फटिकाच्या मांडणीत तीव्रता जास्त मिळते, पण तिथे स्रोताची जागा हाच कोन असतो. स्रोत सरकला की ऊर्जा सरकली. निरपेक्ष (दुसऱ्या ज्ञात रेषेशी न ताडलेल्या) मापनासाठी सपाट जोडीच घ्यावी. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या 58 मेगावॅट अणुभट्टीवरची गॅम्स नावाची गॅमा किरण मोजणारी उपकरणे याच पद्धतीने चालली, आणि 2005 साली वस्तुमान-ऊर्जा समीकरणाची थेट पडताळणी झाली ती तिथल्याच मापनांच्या आधाराने.

स्फटिक सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा, दोषरहित सिलिकॉनचा, कापल्यावर रसायनाने खरवडून घेतलेला हवा. करवतीने दुखावलेला थर राहिला तर शिखर पसरते. जाडीही सगळीकडे सारखी लागते, कारण इतक्या ऊर्जेला शिखराचा आकार जाडीवर अवलंबून असतो. बसवताना खालच्या पायालाच धरा आणि पाया व पातळ भाग यांच्यामध्ये खाच ठेवा, म्हणजे पकडीचा ताण वर चढत नाही. आदर्श शिखर जेमतेम 0.1 आर्क सेकंद रुंद असते. गोंद सुकताना आकसला तरी स्फटिक त्याहून जास्त वाकतो. बसवल्यावर क्ष-किरणांनी एकदा तपासा. तेवढा अर्धा दिवस पुढचा आठवडा वाचवतो.

मग उभा कल. दोन्ही स्फटिकांच्या प्रतलांत 50 आर्क सेकंदांचा फरक राहिला आणि झोत उभ्या दिशेने 2 मिलिरेडियन पसरलेला असला, तर त्यातून 0.1 आर्क सेकंदाची फैलावणी होते, म्हणजे शिखराच्या मूळ रुंदीइतकीच. कल 5 आर्क सेकंदांच्या आत आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तापमापक स्फटिकाच्या शेजारी हवा, खोलीच्या भिंतीवर नको. एका अंशाला सिलिकॉनची जाळी दहा लाखांत 2.56 भाग फुगते. प्रतलांतराची छापील किंमत 22.5 अंश सेल्सिअस आणि निर्वातासाठी असते. साध्या हवेच्या दाबानेही अंतर दहा लाखांत 0.34 भाग कमी होते, ही दुरुस्ती हमखास विसरली जाते. कोन मोजणारा इंटरफेरोमीटर (लेझरच्या तरंगांनी हालचाल मोजणारे साधन) हवेत असेल तर एका अंशाला लेझरची तरंगलांबी दहा लाखांत जवळजवळ एक भाग बदलते. म्हणून यंत्र बंद पेटीत ठेवा आणि निदान रात्रभर स्थिरावू द्या. इंटरफेरोमीटरची मोजपट्टी 24 आरसेदार बाजूंच्या प्रकाशीय बहुभुजावर पारखून घ्या. सगळ्या कोनांची बेरीज 360 अंशच यायला हवी, त्यामुळे बहुभुजाच्या बाजूंमधल्या चुका स्वतःच उघड्या पडतात.

एकदाच वळलेला झोत आणि दोनदा वळलेला झोत यांत फक्त 0.9 अंशांचे अंतर असते, एका मीटरवर 15.7 मिलिमीटर. एकदा वळलेल्या झोतातही हीच रेषा असते आणि ती डिटेक्टरवर पडली तर शिखर पार्श्वभूमीत बुडते. शिशाचा किंवा टंगस्टनचा कॉलिमेटर (हवा तेवढाच झोत जाऊ देणारी अरुंद फट) आधी लेझरने जुळवा आणि दोन्ही शिखरांच्या जागी तो बरोबर वळतो का ते पाहा. त्याच कोनाला दुसऱ्या क्रमात (दुप्पट ऊर्जा, अर्धी तरंगलांबी) 823.6 केव्हीचे किरणही निघतात, म्हणून ऊर्जा वेगवेगळ्या ओळखणारा जर्मेनियम डिटेक्टर लागतो. तो गार ठेवणारा द्रव नायट्रोजन आदल्या दिवशीच भरा आणि ऊर्जेची खिडकी ठरवून ठेवा.

स्रोतासाठी पातळ पत्रा घ्या. एक मिलिमीटर सोने पार करताना सुमारे एक तृतीयांश किरण गिळले जातात. परवाने, डोसमापक आणि शिशाची पेटी आधीच तयार असावी. भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय होत नाही.

स्रोत लागला की समांतर, उलट, उलट, समांतर अशा क्रमाने मोजा, म्हणजे संथ सरकणे कटते. प्रत्येक शिखरात किमान 10,000 नोंदी जमवा. मापनाच्या वहीत तापमान आणि दाबासोबत एक रकाना प्रतिक्षेपासाठी आखून ठेवा. किरण सोडताना अणुकेंद्र 0.46 इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन मागे सरते, आणि केंद्रातल्या पातळ्यांमधला फरक सांगायचा असेल तर तेवढे मिळवावे लागते.