स्टूल डुगडुगतंय? वर्कशॉपच्या तासाला या चुका टाळा

मुलांनी केलेलं पहिलं स्टूल मी मोठ्या हौसेनं शाळेच्या कार्यालयात नेऊन ठेवलं. चार दिवसांनी पाहतो तर त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले, "काही नाही सर, जरा डुगडुगतंय. पोरांनी केलंय म्हटल्यावर चालायचंच." वर्गात त्याच स्टुलाला मी दहापैकी नऊ गुण देऊन मोकळा झालो होतो.

ते "चालायचंच" मला फार लागलं. दुकानातून आणलेलं स्टूल असं निघालं असतं तर मामांनी ते संध्याकाळच्या आत परत धाडलं असतं. तेव्हापासून एक पद्धत पाडली. वस्तू तयार झाली म्हणून गुण द्यायचे नाहीत. ती कुणाच्या तरी वापरात जाऊन पंधरा दिवस झाले की द्यायचे, तेही वापरणाऱ्याला विचारून. कामाच्या तासाची निम्मी दुखणी एवढ्यानंच बरी झाली. उरलेल्या निम्म्यांबद्दल खाली लिहितो. यातल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

हे काही माझं डोकं नव्हे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून आपण ज्याला आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) म्हणतो तो विषय हायस्कुलांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. मुलांनी गावाची खरी कामं करत शिकायचं, ही त्यातली कळीची गोष्ट. पुढे मल्टी स्किल नावाचा व्यावसायिक विषय आला, नावं बदलली, पुस्तकं बदलली. चार विभाग बऱ्याच शाळांच्या वेळापत्रकात अजून दिसतात. गाव मात्र त्यातून हळूच गळालं.

स्टूल का डुगडुगतं

आधी टेप बघा. मेजरिंग टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी थोडी हलते. दर वर्षी एक तरी हुशार मुलगा "सर, टेप ढिला झालाय" म्हणून तिचे रिव्हेट हातोडीनं ठोकून घट्ट करतो. माझ्या आधीच्या एका सहकाऱ्यानं तर सगळे टेप असे 'दुरुस्त' करून ठेवले होते. ती आकडी मुद्दामच सैल असते. तिच्या जाडीइतकीच ती पुढे-मागे सरकते. आकडी पाइपाच्या टोकाला अडकवून ओढली तरी माप बरोबर यावं आणि भिंतीला टेकवून दाबली तरी बरोबर यावं, यासाठी ती सोय आहे. घट्ट केलेला टेप एका बाजूनं कायम खोटं बोलतो. वर्षाच्या पहिल्या तासाला हे एवढंच शिकवावं. पोरं घरी जाऊन बापाचा टेप तपासतात.

दुसरी चूक कापताना होते. पहिला पाय टेपनं मोजला, दुसरा पहिल्यावर ठेवून आखला, तिसरा दुसऱ्यावर ठेवून. प्रत्येक वेळी खडूच्या रेघेची जाडी आणि हॅकसॉच्या ब्लेडची जाडी कधी आत तर कधी बाहेर जाते, आणि चौथा पाय पहिल्याला ओळखही देत नाही. चारही पाय एकाच मूळ तुकड्यावरून आखा, खडूऐवजी टोकदार खिळ्यानं रेघ मारा, आणि रेघेच्या कुठल्या बाजूनं कापायचं ते आधी ठरवा.

तिसरी आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे एक कोपरा पूर्ण वेल्ड करून मग दुसऱ्याकडे जाणं. वेल्डिंग थंड होताना आखडतं आणि पाइपाला स्वतःकडे ओढतं. गुण्या लावून काटकोनात धरलेला कोपरा डोळ्यांदेखत बंद होतो. आधी सगळ्या कोपऱ्यांना फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे, मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात. नाही आले तर टाका तोडायला एक ठोका पुरतो, पूर्ण वेल्ड तोडायला ग्राइंडर लागतो. कर्ण जुळल्यावर तिरके समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरत जायचे. नववीला भूमितीत आयताचे कर्ण शिकवतात. तो पाठ आणि ही चौकट एकाच आठवड्यात आणता आली तर गणिताच्या बाईंना चहा पाजा.

पाइपाला भोकं पडत असतील तर मुलाच्या हाताला दोष देण्याआधी वेल्डिंगचा रॉड बघा. १८ गेजचा चौकोनी पाइप जेमतेम सव्वा मिलीमीटर जाडीचा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मुलांना उलटं वाटतं. त्यावर १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलीमीटरचा रॉड लावला की भोक ठरलेलं. १२ नंबरचा, २.५ मिलीमीटरचा घ्या, करंट कमी करा, आणि आधी भंगारातल्या तुकड्यावर चालवून बघा. वेल्डिंगच्या काळ्या काचेशिवाय 'फक्त एक टाका' मारणाऱ्याचे डोळे त्या रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. बघत उभ्या असलेल्या मुलांचेही खुपतात, म्हणून प्रेक्षकांना पडद्यामागे ठेवा.

आणि तयार झालेलं स्टूल डुगडुगत असेल तर पुठ्ठा नको. सपाट फरशीवर ठेवून दाबून बघा. ते नेहमी तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांवर झुलतं. ती जोडी लांब असते. आखूड पायाखाली जेवढी फट आहे तेवढं त्या लांब जोडीतल्या एका पायाचं घासायचं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा ठेवून बघत. हे काम ज्यानं कापलं त्यालाच द्या.

"सरक, मी दाखवतो"

ही माझी जुनी खोड. मुलगा अडखळला की माझा हात आपोआप पुढे जायचा. काम छान व्हायचं, मुलगा छान बघायचा. वर्षअखेरीला प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या खरं तर माझ्याच होत्या. आता दाखवायचं असेल तर मी वेगळ्या तुकड्यावर दाखवतो. मुलाच्या कामाला हात लावायचा नाही, म्हणून चक्क दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहतो. पहिले काही दिवस फार जड जातं. याला एकच अपवाद: धोका दिसला की आधी मशीन बंद करायचं, बोलायचं मग. ड्रिलच्या चकात (बिट धरणाऱ्या जबड्यात) अडकवून ठेवलेली चावी, सुटी ओढणी, आणि ड्रिलवर घातलेले हातमोजे हे तिन्ही त्यात आले. हातमोजे घातले म्हणजे सुरक्षित, असं मुलांना वाटतं. फिरत्या बिटात मोज्याचं कापड अडकलं की हात त्याच्यासोबत आत जातो.

एकजण करतो, चौघं बघतात

चाळीस मुलं, एक वेल्डिंग मशीन, हे तर आहेच. पण गटात कोण काय करतं ते एकदा कोपऱ्यात बसून बघा. धीट पोराच्या हाती हातोडी, त्याच्या मित्राच्या हाती टेप, आणि अक्षर चांगलं म्हणून मुलींच्या हाती वही. चिक्कीच्या दिवशी हेच उलटं: मुली शेगडीपाशी, मुलं खाण्यापाशी. कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते वर्षभर चालतं. मी फळ्यावर नावं लिहून कामं फिरवतो. आज ज्याच्या हाती पेन त्याच्या हाती पुढच्या वेळी मशीन, आणि गुण त्यानं स्वतः केलेल्या सांध्याला. पालकांच्या सभेत एका आजींनी "नातीला वेल्डिंग कशाला?" असं विचारलं होतं. नातीनंच घरच्या गोठ्याचं फाटक जोडून दिलं, पुढचं उत्तर मला द्यावं लागलं नाही.

बोर्ड लागतो, तरी चुकलेला असतो

वायरिंगमध्ये सगळ्यात फसवी चूक अशी: बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा विझला. मुलं टाळ्या वाजवतात, आपण सही करतो. पण बटण करंट आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रलच्या वायरवर बसवलं असेल तरी दिवा अगदी असाच लागतो आणि विझतो. फक्त बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट उभा राहतो, आणि बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला झटका बसतो. म्हणून तपासणी बटण बंद करून करायची: बल्ब काढा आणि होल्डरला टेस्टर लावा. टेस्टर पेटला तर बोर्ड नापास. ही तपासणी निदेशकानं, म्हणजे हा तास घेणाऱ्या शिक्षकानं, स्वतः करावी, मुलांनी शेजारी उभं राहून बघावी. थ्री-पिन सॉकेटचंही तेच. समोरून पाहिलं तर वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. उलटं जोडलं तरी मोबाइल चार्ज होतो, म्हणून चूक लपते.

मुलांनी केलेला बोर्ड पहिल्यांदा थेट मेनवर लावू नका. सिरीज बोर्ड करून ठेवा: शंभर वॅटचा एक बल्ब, आणि त्याच्यामागे सिरीजमध्ये तपासायचा बोर्ड. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडानं पेटतो. तारा जळत नाहीत, शाळा अंधारात जात नाही. बोर्ड ठीक असेल आणि त्यावर दिवा लावला तर दोन्ही बल्ब मंद पेटतात. काहीच पेटलं नाही तर कुठे तरी वायर सुटली आहे. नव्या निदेशकांची यात हमखास फसगत होते, कारण ते बाजारात मिळतो तो एलईडी बल्ब लावतात. तो इथे उपयोगाचा नाही, तारेचाच पिवळा बल्ब हवा. आता तो तालुक्याच्या दुकानातही सहज मिळत नाही. दिसेल तिथे दोन घेऊन कपाटात ठेवा. खोलीच्या मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागे लागून आधी तो बसवून घ्या, मग वायरिंग शिकवा.

प्रात्यक्षिक वही

वही कामाच्या आधी भरून तयार असेल तर समजा, गेल्या वर्षीच्या मुलाची आहे. उपाय सोपा आहे. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या: पाइप किती, रॉड किती, वेळ किती. काम संपल्यावर खरे आकडे शेजारच्या रकान्यात. दोन रकाने जुळले तर मला संशय येतो.

चिक्कीत हे फार छान उघडं पडतं. मुलं दाणे आणि गूळ यांचा हिशेब धरतात. गॅस, पॅकिंगच्या पिशव्या आणि स्वतःची मजुरी विसरतात. किलोभर दाणे भाजून, टरफलं पाखडून किती उरतात ते तराजूवर कुणी बघितलेलं नसतं. मग 'नफा' झाल्यावर पुढचे दाणे आणायला पैसे कमी पडतात. चिक्की दाताला चिकटत असेल तर पाक कच्चा राहिला. थेंब गार पाण्यात टाका, बोटांत धरून मोडा. कट्‌ असा आवाज यायला हवा. वाकला तर अजून शेगडीवर राहू द्या.

भाषण देणारा सुतार

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. गावातल्या सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं, हा त्यामागचा हेतू. होतं काय, की सुतारकाकांना शाळेत बोलावून शाल-श्रीफळ देतात, हाती माइक देतात, आणि ते बिचारे घाम पुसत दोन मिनिटं बोलून बसतात. त्यांना बोलायला लावू नका. वीस मुलं घेऊन त्यांच्या दुकानी जा आणि रंध्याचं पातं धार लावून कसं बसवतात ते बघा. जाण्याआधी काकांना विचारून घ्या, त्या दिवशी त्यांचं किती काम खोटी होईल, आणि त्याचे पैसे द्या.

शंभर बिया

आमच्या मराठवाड्यात जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा गाव सोयाबीनच्या पेरणीच्या तयारीत असतं. घरचं बियाणं उगवेल का, हा प्रत्येकाचा प्रश्न, कारण सोयाबीनची साल पातळ, पोती आपटली तरी आतला कोंब दुखावतो. त्यामुळे मुलांना खरं काम हवं असेल तर पेरणीआधी शंभर बियांची उगवण तपासणं हे आयतं आहे. ओलं गोणपाट, त्यावर दहाच्या दहा ओळी, सैल गुंडाळी, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं, आणि सहा-सात दिवसांनी नीट उगवलेले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचं एकरी तीस किलो. कमी आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल चुकलो. मुलांनी पिशवीतून टपोऱ्या, गोल, न चिरलेल्या बिया वेचून गोणपाटावर मांडल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण खराब बी परीक्षेला बसवायचं कशाला, असं त्यांना वाटलं. उगवण आली नव्वदच्या वर. बियाणं ज्यांचं होतं त्या शेतकऱ्यांनी विश्वासानं पेरलं आणि शेतात नांगे पडले. ते शाळेत येऊन माझ्याशी नाही, थेट त्या चार मुलांशी बोलले. रागावले नाहीत, पण मुलांना तासभर बांधावर नेऊन मोकळ्या जागा दाखवल्या. आता पोत्यात वर, मध्ये, तळाशी हात घालून मूठ काढायची आणि हाताला येतील त्या शंभर मोजायच्या, फुटक्यासकट.

यंदा शाळा उघडायच्या आधीच तेच शेतकरी बियाण्याची एक पिशवी शिपाईमामांकडे ठेवून गेले. आत चिठ्ठी होती: वाणाचं नाव, पोत्यांचा आकडा, आणि खाली, "वेचू नका."